तिसऱ्या हाकेची वाट

बारा वाजून सात मिनिटं झाली होती. वेळ नक्की सांगते, कारण त्याच मिनिटाला मी वहीत लिहीत होते. इशूला तापाचं औषध दिलं की मी वेळ लिहून ठेवते. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा तासांच्या आत परत द्यायचं नाही, आणि माझा माझ्या आठवणीवर भरवसा नाही. मंगळवार, १२.०७, पाच मिली, ताप एकशे एक. त्याच्यापुढे पेनाची एक रेघ आहे, लांब, वाकडी, पानाच्या बाहेर गेलेली. ती रेघ ओढली गेली तेव्हा मला पहिली हाक ऐकू आली.

पण आधी घर सांगते, म्हणजे तुम्हाला नीट दिसेल.

मखमलाबाद ओलांडून मातोरीच्या रस्त्याला आमचा मळा आहे. झेंडू, गलांडा, थोडी मेथी-कोथिंबीर. हे, म्हणजे माझे मिस्टर कुंदन, पहाटेच फुलं घेऊन नाशिकच्या फूलबाजारात जातात आणि एक-दीडला परत येतात. तोवर घरात मी, माझी सव्वा वर्षाची ईश्वरी, म्हणजे इशू, आणि माझ्या सासूबाई, मालनबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. घराच्या मागे ओटा, ओट्यासमोर झेंडूचं वावर, आणि वावराच्या टोकाला शेततळं. ओट्यापासून तळ्याच्या भरावापर्यंत नव्वद पावलं. ती मी नंतर मोजली.

तळं म्हणजे तुम्हाला वाटेल पायऱ्या, कमळं. तसं काही नाही. जमिनीत खोदलेला मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजूंनी उतरता, आणि आतून सगळा काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. उन्हात तो कागद तापला की त्याचा वास येतो. जळका नाही, ओलाही नाही. नव्या चपलेला येतो तसा, आणि त्यात शेवाळाचा.

त्या मंगळवारी मी ओट्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. आत्याबाई शेजारी पापडाचं पीठ कुटत होत्या. एप्रिलचं ऊन असं पडलं होतं की सावल्यासुद्धा पायाखाली घुसून बसलेल्या. इशू माझ्या मांडीवर ग्लानीत. आणि तळ्याकडून आवाज आला.

"मालनबाईऽ…"

भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. तरण्या बाईचा आवाज. दोन्ही हातांत सामान असलं आणि फाटक उघडायला कोणी हवं असलं की आपण मारतो, तशी घाईची हाक.

"मालनबाईऽऽ…"

"त्या इथंच आहेत, या की!" असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि आत्याबाईंचा पिठाचा हात माझ्या तोंडावर बसला. हिंगाचा वास नाकात भरला.

"ओ देऊ नको. तिसरी होऊ दे."

"अहो, कोणीतरी बाई आहे तळ्याकडं…"

"माणूस असलं तर तिसरी मारतंच. दुसरं काही असलं तर दोनवर थांबतं. तुझ्या आईनं येवढंबी शिकवलं नाय का तुला?"

आम्ही वाट बघितली. पिठाचा हात तोंडावर तसाच. टिटवी ओरडून गेली. मोटारीचा घूं घूं आवाज चालू होता. तिसरी हाक आली नाही. आत्याबाई उठल्या, मला आत ओढलं, कडी लावली आणि टीव्ही चालू केला. इतका मोठा, की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं.

तेव्हा मला कळलं. लग्न होऊन तीन वर्षं झाली, रोज बाराला टीव्ही असाच मोठा लागायचा. मला वाटायचं, आत्याबाईंना कमी ऐकू येतं.

*

लेकरू झाल्यापासून मला जेवढं सांगितलं गेलं, तेवढं सात वर्षांत मास्तरांनी सांगितलं नव्हतं. माझं माहेर मनमाडच्या बाजूला. गावची शाळा सातवीपर्यंत, म्हणून मीही सातवीपर्यंत. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, हिला काही येत नाही, हिला सांगितलं पाहिजे. लेकराला आरसा दाखवू नको. झोपलेल्या लेकराचा मुका घेऊ नको. केळं देऊ नको, सर्दी होते. केळं दे, वजन भरतं. मी सगळं ऐकायचे. काळा दोरा, बिब्बा, तीट, मीठ-मोहरी, एकही चुकवलं नाही. मुळात मी घाबरट. इशू झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायचे, रात्रीतून चार वेळा.

पण हाकेचं मला पटेना. यांना विचारलं.

"वारा असतो गं. तळ्याचा कागद फडफडतो."

"कागद नाव घेऊन फडफडतो का?"

"तू ते मोबाइलवरचं भुताटकीचं बघणं कमी कर."

"बरं. मग तळ्याच्या कुंपणाला नीट फाटक तरी बसवा. जुनं तारेनं बांधलंय नुसतं. पोरगी आता पावलं टाकायला लागली."

"रविवारी करतो."

असे त्याआधी चार रविवार गेले होते.

बुधवारी मी मुद्दाम ओट्यावर थांबले. आत टीव्ही बोंबलत होता. तरी ऐकू आली. १२.०७. दोन हाका. गुरुवारी १२.०७. दोन. तापाच्या आकड्यांखाली मी हे आकडे लिहीत गेले. ओ मात्र दिली नाही. दुसऱ्या हाकेनंतर जी शांतता पडायची ना, ती हाकेपेक्षा वाईट होती. कोणीतरी कान लावून बसलंय असं वाटायचं. आम्ही तिसऱ्या हाकेची वाट बघतोय, आणि तिकडे कोणीतरी आमच्या ओ ची वाट बघतंय.

शुक्रवारी सकाळी फुलं तोडायला मी कमळाबाईच्या सरीत गेले. कमळाबाई सुरगाण्याकडची. दरसाल भात झाला की चार जणी घेऊन आमच्याकडे कामाला येते. इशूला कडेवर बघून हसली.

"वहिनी, किती तीट लावलीय! अहो, नजर लागाया आधी तोंड तरी दिसाया पायजे ना."

मी हसले नाही. विचारलं, "कमळाबाई, दुपारी तळ्याकडं कोण असतं?"

तिचा हात फुलावरच थांबला.

"…कोणी नसतं."

"मग हाक कोण मारतं?"

तिने पाटीत फुलं टाकली. एक, दोन, तीन. मग खालीच बघून बोलली. "आमी बाराला त्या अंगाला भाकर खाया बसत नाय. चार वर्षं झाली. साळू, माझ्या जावंची लेक. लेकराची लंगोटी धुवाया पाणी काढाया गेली आन् पाय सटकला. त्या कागदाला शेवाळ असतं, वहिनी. पोहता येऊन उपेग नाय. हात कशाला लावणार? वर याया बघतं माणूस आन् परत खाली जातं. लेकरू निंबाला झोळीत होतं. ते थांबंना रडायचं म्हणून दोन वाजता कोणी गेलं बघाया…"

"ओरडली नाही ती?"

"ओरडली असंल. आमी पार खालच्या वावरात, मोटर चालू. घरी मालनबाई होत्या. त्या म्हनल्या, ऐकू नाय आलं. पोलिसालाबी तेच सांगितलं."

मी मान वळवून बघितलं. इकडे तळं, तिकडे ओटा. मधे गुडघ्याएवढा झेंडू. आमच्या कुकरची शिट्टी तळ्यावर ऐकू येते. तळ्यातले बेडूक आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात.

घरी येऊन मी आत्याबाईंना काही विचारलं नाही. हिंमत झाली नाही, खरं सांगते. पण त्यांच्याकडे बघवेना. त्या इशूला भरवत होत्या, एक घास चिऊचा म्हणत, आणि मी त्यांच्या कानांकडे बघत होते.

*

सोमवार. ताप उतरला होता. इशू मधल्या खोलीत गोधडीवर झोपली होती. मी कुरडयांचं सूप आत आणलं. दोन्ही हात अडकलेले, म्हणून मागच्या दाराला कडी लावली नाही. कडी मी लावली नाही, ते माझं. ते मी कोणावर ढकलत नाही.

उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढे काही वेळ काळोख येतो. तसाच आला. चाचपडत स्वयंपाकघरात गेले, भाकरी टाकली. आत्याबाई मधल्या खोलीतच टीव्हीपुढे, भिंतीला टेकून, डोळे मिटून. आवाज नेहमीसारखा कानठळ्या बसवणारा. पंखा गरगरत होता.

आणि लाईट गेली.

टीव्ही अर्ध्या शब्दावर बंद पडला. पंखा हळूहळू थांबला. शेताची मोटार थांबली. इतकं सुनं झालं की तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा फुगताना ऐकू आला.

"इशूच्या आईऽ…"

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. मालनबाई नव्हे. इशूच्या आई. साळू गेली तेव्हा इशू जगात नव्हती. मी या घरात नव्हते.

मी दाराशी आले, तर आत्याबाईंनी बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नको… तुझ्या पाया पडते, सुवर्णा. तीन होऊ दे."

"इशूच्या आईऽऽ…"

घाई होती त्या आवाजात. मंगळवारी होती तीच. मी तेव्हा गोधडीकडे बघितलं. गोधडी होती. तिच्यावर इशू नव्हती. मागचं दार हातभर उघडं, आणि उंबऱ्यावर उन्हाची पांढरी पट्टी.

आठवडाभर मला बजावलं होतं, थांब. तीन होऊ दे. दोनवर ओ दिली तर जीव जातो. मी घाबरट बाई, लेकराच्या नाकापुढे बोट धरणारी. पण त्या क्षणी माझ्या पोटातून जो आवाज निघाला ना, तो मी आजवर कधी काढला नव्हता.

"ओऽऽऽ! आले! आले गं!"

मनगट हिसकलं आणि पळाले. झेंडू तुडवत पळाले. फाटकाची तार सुटून खाली पडली होती. भरावावर चढले तशी एक चप्पल पायातून सुटली, काळ्या कागदावर पडली आणि सुळकन पाण्यात गेली. एवढा तो कागद गुळगुळीत.

त्याच कागदावर, पाण्याच्या दोन विती वर, माझी इशू बसली होती.

नुसती बसली होती. सरकत नव्हती. तोंड माझ्याकडे, पाठ पाण्याकडे. रडत नव्हती. माझ्याकडे बघून हसली. आपण लेकराला ओट्याच्या कडेवर बसवतो आणि पडू नये म्हणून मागून पाठीला हात लावून ठेवतो, तशी टेकून बसली होती. मागे कोणी नव्हतं. मागे फक्त पाणी होतं, हिरवं, आणि त्या पाण्यावर वारा नसताना बारीक लाटा येत होत्या. एकाच जागेवरून. तिच्या पाठीमागून.

"हलू नको बाळा… हलू नको…"

मी भरावावर पालथी झाले. डोकं खाली, हात खाली. पोटाला कागद भाजत होता. हात पुरेना. अजून सरकले असते तर मीच गेले असते. तेवढ्यात माझे दोन्ही घोटे कोणीतरी धरले. मी किंचाळले.

"मी हाय… मी हाय गं…" आत्याबाई. दम लागलेल्या. अनवाणी पळत आल्या होत्या. "सरक पुढं. धरलंय मी."

मी सरकले. इशूच्या बोटांना माझी बोटं लागली. आणि तेव्हाच, अगदी जवळून, माझ्या तोंडासमोरच्या पाण्यातून आवाज आला. ओरडून नाही. दमलेल्या माणसासारखा, हळू.

"मालनबाई…"

माझ्या घोट्यांवरची पकड सुटायला लागली. मी वीतभर खाली गेले. नाकात शेवाळाचा वास शिरला.

"आत्याबाई! धरा!"

वरून काहीच नाही. नुसतं रडू आवरल्यासारखा श्वास.

"आत्याबाई… आधी दोन झाल्यात. ही तिसरी आहे. ओ द्या!"

तिसरी हाक माणूसच मारतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"…ओ," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "ओ गं साळू! ऐकलं गं मी! आले गं!"

आणि घोट्यांवर इतक्या जोरात हात बसले की त्याचे काळेनिळे वळ मला आठवडाभर होते. त्यांनी ओढलं. साठीची बाई, मला आणि इशूला, दोघींना वर ओढलं. मला वाटलं, खालूनही कोणीतरी इशूला वर ढकललं. वाटलं म्हणते. नक्की नाही सांगत.

तिघी भरावावर पडून होतो. इशूचं झबलं कोरडं होतं. फक्त पाठीवर ओलं. पाच बोटं आणि तळवा. मोठ्या माणसाचा.

*

संध्याकाळी आत्याबाई चुलीपुढे बसून बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

"दोनच आल्या होत्या तवा. मी ह्याच वट्यावर होते. तिचाच आवाज हाय, हेबी कळलं होतं. तरी म्हणलं, तिसरी येऊ दे. मी तिसरीची वाट बघत बसले, सुवर्णा…"

त्यांनी ते मला का इतकं घोकून शिकवलं, ते मला तेव्हा समजलं. नियम खरा असला, तर त्यांची काही चूक नव्हती. म्हणून तो खरा ठेवायचा होता.

यांनी त्याच संध्याकाळी फाटक बसवलं. रविवार लागला नाही. तळ्याच्या चारी कोपऱ्यांना खुंट ठोकून दोर सोडले आणि प्रत्येक दोराला ट्रॅक्टरची ट्यूब बांधली.

गावात गोष्ट पसरली तशी सांगणारी मंडळी परत आली. म्हणाले, लेकरू नव्वद पावलं चाललंच कसं? आठ पावलांत बसकण मारणारं पोर भराव चढलं? तार कोणी सोडली? तिनेच नेलं. चार वर्षं झोळीतल्या लेकरासाठी झुरतेय ती. एकाने भगत आणला. तो म्हणाला, तळ्याच्या चार अंगांना खिळे ठोकून तिला बांधून टाकू. मी म्हणाले, खिळे ठोकायची हौस असेल तर ज्या तळ्यांना फाटक नाही, तिथली फाटकं ठोका. भगत यांच्याकडे बघायला लागला, बायकोला आवरा म्हणून. हे गप्प बसले. मी नाही बसले.

नेलं कोणी, मला माहीत नाही. धरून कोणी ठेवलं, ते मला माहीत आहे. हात मी बघितलाय.

आता आमच्याकडे बाराला टीव्ही लागत नाही. आत्याबाई ओट्यावर येऊन बसतात, तळ्याकडे तोंड करून. त्या दिवसापासून हाक आलेली नाही. मला नाही, त्यांना नाही, कमळाबाईलाही नाही.

पण इशूला अजून फक्त तीन शब्द येतात. आई, मम, आणि तिसरा आम्ही कोणी शिकवलेला नाही. दुपारी ती ओट्यावर भातुकली मांडून बसलेली असते. खेळता खेळता थांबते. मान वळवून तळ्याकडे बघते. आणि आम्हाला कोणालाच काही ऐकू आलेलं नसताना, गोड आवाजात म्हणते, "ओ."

मी घड्याळ बघत नाही आता. वहीही बंद केली. वेळ मला पाठ आहे.

तुमच्या शिवारात असं तळं असेल तर चार दोर बांधा. आणि दुपारी हाक आली तर मोजत बसू नका. तिसरी मारायला सगळ्यांना पुरेसा श्वास उरत नाही. पहिलीलाच ओ द्या, आणि पळा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगतेय, तुम्ही पुढच्या बाईला सांगा.